मणी मोजून घ्या: अणू आणि विजेच्या एका किटबद्दल

२६ वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळणाऱ्या बाईच्या हातात काहीही द्या, ती आधी ते मोजणार. प्रायमरीचे, म्हणजे वीज आत घेणाऱ्या कॉइलचे, पाच-दहा टर्न (वेढे) इकडेतिकडे झाले तरी टेस्टिंगच्या टेबलावरून माल परत येतो, त्यामुळे ही खोड आता जायची नाही. भाच्यासाठी मागवलेलं हे किट उघडलं तेव्हाही तेच झालं. पुस्तिका राहिली बाजूला, मी मणी मोजायला बसले.

खोक्यात दोन ट्रे आहेत. लाल ट्रेमध्ये तांब्याच्या अणूचं मॉडेल: पारदर्शक प्लास्टिकची चार कडी, एक पोकळ गोळा आणि तीन रंगांचे मणी. निळ्या ट्रेमध्ये विजेचं सामान: दोन सेलचा होल्डर, ९ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप, टॉर्चचे दोन बल्ब, तीन एलईडी, रेझिस्टर, स्विच, मगरचिमटे, इनॅमल वायरचं (लाखेचा थर दिलेल्या तांब्याच्या तारेचं) छोटं रीळ, नायक्रोमचा तुकडा, होकायंत्र, एक खिळा आणि लहान डिजिटल मीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी जे सांगणार आहे ते कुठलंही किट घेताना तपासावं असंच आहे.

मणी: निळे २९, लाल २९, पांढरे ३५.

पहिले दोन आकडे बरोबर. तांब्याचा अणुक्रमांक २९, म्हणजे केंद्रकात २९ प्रोटॉन आणि बाहेर २९ इलेक्ट्रॉन. पांढरे मणी म्हणजे न्यूट्रॉन, आणि ३५ हा आकडा कुठून आला ते पुस्तिकेत छापलंच आहे: तांब्याचं अणुवस्तुमान ६३.५, ते धरलं ६४, त्यातून २९ वजा केले, उरले ३५. शाळेच्या हिशेबाने उत्तर बरोबर, पण असा तांब्याचा अणू निसर्गात सापडत नाही. आपल्या तारेत दोन प्रकारचं तांबं मिसळलेलं असतं. शंभरातले सुमारे ६९ अणू ३४ न्यूट्रॉनवाले, बाकीचे ३६ न्यूट्रॉनवाले. ६३.५ ही त्या दोघांची सरासरी आहे. एका घरात दोन मुलं आणि दुसऱ्या घरात तीन, म्हणून कुणाच्या घरी अडीच मुलं नसतात, तसंच हे. ३५ न्यूट्रॉनवाला तांब्याचा अणू मुद्दाम बनवावा लागतो आणि तो किरणोत्सारी असतो. त्याचं अर्धायुष्य १२.७ तास. म्हणजे किटमधला हा अणू सकाळी आठला जोडला, तर रात्री पावणेनऊपर्यंत तो टिकेल की निकेल नाहीतर जस्त होऊन बसेल, याची शक्यता निम्मी-निम्मी. हे कळल्यावर भाच्याने एक पांढरा मणी काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "आत्या, आता झोपायला हरकत नाही."

मॉडेल दिसायला मात्र देखणं आहे, उगाच नावं ठेवणार नाही. चार कड्यांवर २, ८, १८ आणि १ असे निळे मणी बसतात. आतल्या तीन कड्यांवरचे मणी खाचेत घट्ट बसतात. चौथ्या कड्यावरचा एकटा मणी सैल आहे, जरा धक्का लागला की टेबलाखाली. पहिल्या दिवशी आम्ही तो चार वेळा शोधला. भाचा म्हणाला तक्रार करू. मी म्हटलं थांब, किटमधली सगळ्यात खरी गोष्ट हीच असेल. कॉइल गुंडाळून माझ्यासारख्यांची पोटं भरली ती या एका सैल मण्याच्या जिवावर. तांब्याच्या तुकड्यात प्रत्येक अणूचा हा शेवटचा इलेक्ट्रॉन कुणा एकाचा राहत नाही, तो सगळ्या तुकड्याचा होतो. जागा सोडून हिंडणारे असे इलेक्ट्रॉन असतात म्हणून तांबं वाहक. तारेवरच्या इनॅमलमध्ये सगळे आपापल्या जागी जखडलेले, म्हणून ते करंट अडवतं.

मापाच्या बाबतीत कुठलंही मॉडेल खोटंच असणार, पण पुस्तिकेने निदान ते कबूल तरी करायचं. केंद्रकाचा गोळा ४ सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि बाहेरचं कडं त्याच्यापासून वीतभर लांब. खरं प्रमाण ठेवायचं तर ते कडं अर्ध्या किलोमीटरवर न्यावं लागेल. रदरफोर्डने १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली तेव्हा लोकांना पचायला जड गेलं ते हेच, की भरीव दिसणारी वस्तू आतून जवळजवळ रिकामी आहे. आणि कड्यांवरून फिरणारे इलेक्ट्रॉन ही बोरची १९१३ ची कल्पना. पुढच्या तेरा वर्षांत ती मागे पडली, इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती एवढंच सांगता येतं हे मान्य झालं. कडी शिकवायला सोयीची आहेत, मी ती काढा म्हणत नाही. पण "इलेक्ट्रॉन ग्रहांप्रमाणे फिरतात" एवढं एकच वाक्य लिहून विषय संपवणं म्हणजे कामचुकारपणा झाला.

आता खरी तक्रार. लाल ट्रेची पुस्तिका वेगळी, निळ्या ट्रेची वेगळी, आणि दोघींची एकमेकींशी ओळख नाही. लाल पुस्तिका अणूवर संपते. निळी सुरू होते ती थेट "सेल बल्बला जोडा" इथून. मधलं वाक्य, की तो चौथ्या कड्यावरचा सैल मणीच या तारेतून सरकतोय, कुठेच नाही. दोन्ही ट्रे एका खोक्यात घालण्याचं कारण तेच तर आहे ना? त्यात निळ्या पुस्तिकेच्या चौथ्या पानावर ठसठशीत अक्षरांत छापलंय: "स्विच दाबताच इलेक्ट्रॉन तारेतून प्रकाशाच्या वेगाने धावतात."

हे वाक्य वाचून मी गप्प बसले, कारण मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं. मग भाच्याच्या शाळेच्या पुस्तकातून तांब्याची घनता घेतली, अवोगाद्रोचा आकडा (ठरावीक वजनात किती अणू ते सांगणारा) घेतला आणि दोघांनी मोजायला सुरुवात केली. किटमधली तार २८ गेजची, माझ्या रोजच्या हातातली. तिचा काटछेद ०.१११ चौरस मिलिमीटर. अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन धरला तर या तारेच्या फक्त १ मिलिमीटर तुकड्यात किती निघाले? ९४ वर १७ शून्यं. टॉर्चचा बल्ब ०.३ अँपिअर घेतो, म्हणजे तारेच्या कुठल्याही जागेवरून सेकंदाला साधारण १९ वर १७ शून्यं इतके इलेक्ट्रॉन पुढे जातात. दोन्हीकडची शून्यं उडवली, उरलं ९४ भागिले १९. पाच सेकंद.

पाच सेकंदांत एक मिलिमीटर. भाच्याने गणित तीनदा तपासलं. मीटरभर तार पार करायला जवळपास दीड तास, आणि किटमधली सगळी ५ मीटर तार सर्किटमध्ये घातली तर सात तास. तोवर सेल मान टाकायला आलेले असतील. अर्थात ही झाली सरासरी सरक. एरवी तांब्यातल्या या मोकळ्या इलेक्ट्रॉनची धावपळ सेकंदाला १६०० किलोमीटरच्या आसपास चाललेली असते, पण ती सगळ्या दिशांना, त्यामुळे बेरीज शून्य. सेल जोडल्यावर त्या धावपळीत एका बाजूला जो किंचित कल येतो, तोच आपला करंट.

"मग बल्ब लगेच कसा लागतो?" हा प्रश्न येणारच होता. मी त्याला माझ्या मशीनचं उदाहरण दिलं. पॅडल दाबलं की समोर बॉबिन फिरते आणि मागे स्टँडवरचं रीळही त्याच क्षणी फिरायला लागतं. रिळावरची तार बॉबिनपर्यंत पोचायला वेळ लागतो, पण ओढ मात्र आधीच पोचलेली असते. तारेतही तसंच. इलेक्ट्रॉन आधीपासून ठासून भरलेले आहेत, स्विच दाबल्यावर पोचते ती ओढ, म्हणजे विद्युतक्षेत्र. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जातं ते हे. पुस्तिकेने वेग बरोबर घेतला, पण चिकटवला भलत्यालाच.

याच ओघात निघालं म्हणून सांगते. घरातल्या एसी करंटमध्ये तर इलेक्ट्रॉन कुठे जातच नाहीत. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत १ अँपिअर, ५० हर्ट्झ, तर ते जागच्या जागी डोलतात, तेही एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. आणि मी गुंडाळलेल्या हजारो ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतला एकही इलेक्ट्रॉन सेकंडरीत, म्हणजे वीज बाहेर देणाऱ्या कॉइलमध्ये, गेलेला नाही. मध्ये कागद, वार्निश आणि लोखंड. पलीकडे जाते ती ऊर्जा, चुंबकत्वाच्या वाटेने. हे माझ्या पोटापाण्याचं काम आहे आणि तरी मी कधी असा विचार केला नव्हता.

सेलमध्ये इलेक्ट्रॉन "भरून ठेवलेले" असतात असंही एक वाक्य आहे. नसतात. सेल म्हणजे टाकी नाही, पंप आहे. जस्त झिजतं आणि त्या रासायनिक क्रियेच्या जोरावर इलेक्ट्रॉन ढकलले जातात. पुढे.

निळ्या ट्रेमधला सगळ्यात चांगला प्रयोग पुस्तिकेने चुकून दिलाय असं म्हणायला हवं, कारण त्याचं उत्तर पुस्तिकेच्याच विरोधात जातं. सहाव्या पानावर लिहिलंय, "बल्ब करंट वापरतो." सातव्या पानावर सांगितलंय, बल्बच्या आधी आणि नंतर मीटर लावून करंट मोजा. मोजला. आधी ०.२९, नंतर ०.२९. भाचा कितीतरी वेळ चिमटे बदलून बघत होता, नंतरचा आकडा कमी यायलाच हवा या खात्रीने. येणार कसा? जितके इलेक्ट्रॉन आत जातात तितकेच बाहेर येतात. बल्बमध्ये खर्च होते ती ऊर्जा, आणि ती दिसते व्होल्टमध्ये: मीटर व्होल्टवर ठेवून बल्बच्या दोन टोकांना लावला की सेलचे जवळपास सगळे व्होल्ट तिथेच सापडतात. पुस्तिकेवर विश्वास ठेवायचा की मीटरवर, हा निर्णय त्याने स्वतः घेतला. सहाव्या पानावर आता पेन्सिलने काट मारलेली आहे.

अँपिअर म्हणजे सेकंदाला किती गेले याची मोजणी, हे मला फार आवडलं. २० मे २०१९ पासून तर अँपिअरची व्याख्याच इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा आकडा कायमचा पक्का धरून केली जाते. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळाही शेवटी माझ्याच धंद्यात आल्या.

बाणांचा घोळ आहेच. आठव्या पानावर करंट धनाग्राकडून ऋणाग्राकडे, अकराव्या पानावर इलेक्ट्रॉन ऋणाग्राकडून धनाग्राकडे, दोन्हीला सारखाच लाल बाण, स्पष्टीकरण शून्य. कारण खरं तर गोष्टीसारखं सांगण्याजोगं आहे. धन-ऋण ही नावं फ्रँकलिनच्या काळात, अठराव्या शतकात ठरली, आणि थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. तो निघाला ऋण. तोवर सगळे बाण काढून झाले होते, ते तसेच राहिले.

नायक्रोमचा प्रयोग छान जमतो. तितक्याच लांबीची, त्याच गेजची तांब्याची तार आणि नायक्रोमची तार आळीपाळीने बल्बबरोबर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडायची. तांब्याने काही फरक पडत नाही, नायक्रोमने बल्ब मंदावतो. नायक्रोमचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, तांब्याच्या साठ-पासष्ट पट. निकेल आणि क्रोमियमचे अणू त्यात कसेही मिसळलेले असतात, इलेक्ट्रॉनला सरळ वाट मिळत नाही. पुस्तिकेत नसलेला एक जोडप्रयोग आम्ही केला. टॉर्चच्या थंड बल्बचा रोध मीटरने मोजला तर सव्वा ओहमच्या आसपास आला. पेटलेल्या बल्बचा मात्र व्होल्ट भागिले अँपिअर केला तर नऊच्या वर. फिलामेंट तापलं की टंगस्टनचे अणू जास्त थरथरतात आणि रोध वाढतो. ओहमचा नियम पाठ केलेल्या मुलाला हे दाखवाच.

आता विद्युतचुंबक. इथे मला राग आला. पुस्तिका म्हणते, खिळ्याला इनॅमल वायरचे ५० वेढे द्या आणि टोकं सेलला जोडा. बस. टोकावरचं इनॅमल खरवडायचं, हे लिहिलेलंच नाही! तार तांब्यासारखीच दिसते, मुलाला कळणार कसं की वरून लाखेचा थर आहे? माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी हेच सांगते. खरवडून सोल्डर घेईल अशी चमक आली पाहिजे. किती घरांत हा खिळा चुंबक झाला नसेल आणि किती पोरांनी आपलंच चुकलं असं समजून खोकं कपाटात टाकलं असेल. पॉलिश पेपरचा एक बोटभर तुकडा खोक्यात घातला असता तर काय बिघडलं असतं? टोकं घासल्यावर मात्र मजा आहे. खिळा पिना उचलतो, आणि नुसती तार होकायंत्रावर धरून स्विच दाबला की सुई बाजूला होते. ओर्स्टेडला १८२० मध्ये हेच दिसलं होतं. सेलची टोकं उलटी केली की सुई उलट्या बाजूला. भाच्याला यापेक्षा लाल ट्रे कितीतरी निरस वाटला. मला नाही.

मीटर कामाचा आहे, आकार लहान असला तरी आकडे नीट दाखवतो. पण त्याच्या २०० मिलिअँपिअरच्या रेंजमध्ये ०.३ अँपिअरचा बल्ब मोजायला गेलात तर आतला फ्यूज जाणार, आणि गेलाच. त्यासाठी लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी लागते, ते पुस्तिकेत कुठेही नाही. शिवाय करंट मोजताना मीटर सर्किट तोडून मध्ये घालायचा असतो, थेट सेलला लावायचा नसतो, हेही नाही. जादा फ्यूज दिलेला नाही. आणि हे सगळं सामान सेलवर चालवण्याचं आहे, भिंतीतल्या प्लगच्या आसपासही ते न्यायचं नाही, ही सूचना पहिल्या पानावर मोठ्या टायपात हवी होती. ती शेवटच्या पानावर, भिंगातून वाचावी लागेल अशी आहे.

मराठीबद्दल थोडंसं. करंटसाठी एका पानावर विद्युतधारा, दुसऱ्यावर विद्युतप्रवाह, तिसऱ्यावर करंट. तिन्ही शब्द मला चालतात, पण तिन्ही एकच आहेत हे एकदा तरी सांगा. भाच्याने अर्धा दिवस विद्युतधारा म्हणजे काहीतरी वेगळं असेल असं धरलं होतं.

पाचपैकी साडेतीन देते. सामानाला चार, पुस्तिकेला दोन, आणि उरलेलं त्या सैल मण्याला. घरात कुणी शेजारी बसणारं असेल तर जरूर घ्या. मुलाला एकट्याला देऊन मोकळं व्हायचं असेल तर नको.

एलईडीचं राहिलं. पुस्तिका सांगते, ९ व्होल्टची बॅटरी, सिरीजमध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी. भाच्याने जोडलं, एलईडी एकदा लख्ख झाला आणि गेला. दुसरा लावला, तोही गेला. तिसरा मी लावू दिला नाही. रेझिस्टर किती ओहमचा ते त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं, म्हणून तो हातात घेऊन रंग बघितले: पिवळा, जांभळा, काळा. ४७० ला तिसरा पट्टा तपकिरी हवा. हा ४७ ओहमचा. लाल एलईडीवर २ व्होल्ट पडतात, उरलेले ७ व्होल्ट ४७ ओहमवर, म्हणजे २० मिलिअँपिअरच्या एलईडीतून शंभराच्या वर करंट. जाणारच.

भाच्याने हे सगळं लिहून कंपनीला पाठवलं, पट्ट्यांच्या फोटोसकट. दहा-बारा दिवसांनी पाकीट आलं. पाकिटात तीन नवे एलईडी आणि कागदी पट्टीवर चिकटवलेले दहा रेझिस्टर. पिवळा, जांभळा, काळा. दहाही.

मी फोन करायच्या तयारीत होते. भाच्याने पट्टीवरचे रेझिस्टर एकेक करून काढले, पायांना पाय पिळून एकामागे एक दहाही जोडले आणि मीटर लावला. ४६६. मग बॅटरी लावली. एलईडी शांतपणे लागला. मीटरमध्ये नवा फ्यूज घातलेलाच होता, करंट आला १५ मिलिअँपिअर. नंतर तो प्रत्येक रेझिस्टरच्या दोन टोकांना मीटर लावत गेला, ०.७ व्होल्ट, ०.७ व्होल्ट, ०.७ व्होल्ट, आणि मी शेजारी बसून मोजत होते.